पुढची लेन्स कोणती घ्यावी? खानदेशातल्या फोटोवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगावात राहून लग्नंही काढतो आणि सातपुड्यातले पक्षीही. नवा कॅमेरा घेतलेली कॉलेजची पोरं, शाळेतले सर, केळीची बाग असलेले शेतकरी असे सगळे भेटतात, चहाला थांबवतात आणि लेन्सबद्दल विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. भाव दिलेले नाहीत, कारण ते सणासुदीला आणि नवं मॉडेल आलं की बदलतात. कुठली लेन्स कुणाला लागते, हे मात्र सहसा बदलत नाही.

किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली १८–५५) वर्षभर वापरून झाली. आता पुढची कोणती घेऊ, भाऊ?

दुकानात जायच्या आधी एक संध्याकाळ घरी बसा. वर्षभरातले मनापासून आवडलेले दोनशे फोटो एका फोल्डरमध्ये टाका. दुसऱ्या फोल्डरमध्ये हातातून निसटलेले टाका: हललेले, अंधारे, लांब राहिलेले, कडेला काका कापले गेलेले. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ (किती मिमीवर काढला), ॲपर्चर (लेन्सचा डोळा किती उघडा; एफचा आकडा लहान तितका डोळा मोठा), शटर (किती वेळ उजेड आत आला) आणि आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) नोंदलेलं असतं. कागद घ्या आणि रेघा मारत जा.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाला टेली (लांबचं जवळ आणणारी लेन्स) हवी होती, ठरवूनच आला होता. आम्ही मोजायला बसलो तर त्याचे निम्म्याहून जास्त फोटो १८ ते २४ मिमीमध्ये निघाले. घर, ओटा, गल्ली, मंदिर, यात्रा. निसटलेले फोटोही लांबचे नव्हते, रात्रीचे होते. शटर १/१०, १/१५, माणसं हललेली. त्याला लांबचं काही दिसत नव्हतं अशी तक्रारच नव्हती, त्याला उजेड कमी पडत होता. टेली घेतली असती तर कपाटात पडून राहिली असती.

रेघा ५५ मिमीला दाटल्या असतील आणि फोटो कापून मोठे करावे लागत असतील, तर टेलीचा विचार करा. १८ ला दाटल्या असतील आणि तरीही भिंतीला पाठ टेकवून काढावे लागले असतील, तर वाइड (रुंद दृश्य घेणारी). आयएसओ ३२०० च्या वर आणि तरी फोटो हललेला, तर मोठ्या ॲपर्चरची प्राइम (झूम नसलेली लेन्स). आणि निसटलेले बहुतेक फोटो दुपारी बाराच्या उन्हातले असतील तर सध्या लेन्स घेऊ नका. सकाळी साडेसहाला घराबाहेर पडा, किट लेन्सच वेगळी वाटायला लागेल.

सगळे म्हणतात आधी फिफ्टी घे. घेऊ का?

बहुतेकांनी घ्यावी, पण आपल्या घरात ती मावते का ते बघून. ५० मिमी एफ १.८ ही बऱ्याच कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते आणि दर्जात किट लेन्सच्या बरीच पुढे. किट लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५.६ वरून १.८ वर आलात की जवळपास दहापट उजेड आत येतो. म्हणजे जिथे १/१० वर हात हलत होता तिथे १/१०० मिळतं. हा फरक एकदा स्वतःच्या घरात, संध्याकाळच्या दिव्याला बघितला की ॲपर्चर म्हणजे काय ते पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

अडचण जागेची आहे. क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० मिमी बऱ्यापैकी लांबची होते. आजीचा चेहरा, बाळाचे हात यासाठी उत्तम, पण दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं एकत्र घ्यायची म्हटली तर तुम्ही दाराबाहेर जाता. अशा घरांसाठी ३५ मिमी एफ १.८ जास्त कामाची. निकॉनची क्रॉपसाठीची डीएक्स ३५ अनेक वर्षं हेच काम करतेय. कॅननच्या क्रॉप डीएसएलआरला (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याला) २४ मिमी एफ २.८ ची चपटी लेन्स आहे, ती खिशात बसते.

माझं स्वतःचं मत ३५ कडे झुकतं, आणि त्याला कारण आहे आपली भरीत पार्टी. थंडीत शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, अंधार पडलेला असतो, उजेड फक्त त्या जाळाचा. माणसं गोल बसलेली, तुम्ही त्यांच्यातच. ५० ने तिथे एक चेहरा येतो. ३५ ने चेहरा, काळी पडलेली वांगी, शेजारी भरीत बडगणारे हात आणि मागचा धूर असं सगळं एका चौकटीत बसतं. एफ २, शटर १/८०, आयएसओ जो लागेल तो. फ्लॅश लावलात तर जाळ फिका पडतो आणि ती रात्रच फोटोतून निघून जाते.

क्रॉप बॉडीवर ५० चा ७५ होतो म्हणतात. लेन्स बदलते का?

नाही. लेन्स ५० च राहते. सेन्सर लहान असल्याने चित्राच्या कडा कापल्या जातात आणि दृश्य ७५ मिमीच्या लेन्समधून बघितल्यासारखं अरुंद दिसतं. निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉपला दीडने गुणा, कॅननला १.६ ने. मायक्रो फोर थर्डला (त्याहून लहान सेन्सर) दोनने. पक्ष्यांना हे कापणं फायद्याचं, घरातल्या फोटोंना तोट्याचं.

लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्यात. किती लेन्स लागतील?

दोन लेन्स आणि शक्य असेल तर दोन बॉडी. बॉडी दुसरी का, तर अंतरपाट खाली येतो त्या क्षणी लेन्स बदलत बसलात तर ते लग्न तुमच्यासाठी संपलं.

पहिली लेन्स रोजच्या कामाची, सतत एफ २.८ राहणारी झूम. क्रॉपवर १७–५० किंवा १७–५५, फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) २४–७०. टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या १७–५० एफ २.८ अनेकांनी वर्षानुवर्षं लग्नांत वापरल्या, आणि जुन्या बाजारात त्या अजून मिळतात. सोनी आणि फुजीच्या क्रॉप मिररलेसला (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांना) टॅमरॉनची १७–७० एफ २.८ आहे, तिच्यात स्थिरीकरणही आहे, म्हणजे हाताची थरथर लेन्स सांभाळून घेते. ‘सतत २.८’ हे शब्द महत्त्वाचे. किट लेन्स झूम केली की तिचा डोळा बारीक होतो, आणि हळदीच्या रात्री मांडवात तेच नको असतं.

दुसरी लेन्स फिफ्टी किंवा ८५ एफ १.८. नवरीचा एकटीचा फोटो, पाठवणीला रडणारे वडील, गर्दीतून टिपलेली मावशी यांच्यासाठी. पण एक धोका सांगतो. १.८ वर दोन रांगांचा ग्रुप काढू नका. पुढची रांग स्पष्ट आणि मागची धूसर येते, आणि मागच्या रांगेत नेमके मामा उभे असतात. ग्रुपला ४ ते ५.६ ठेवा.

आणखी एक गोष्ट लेन्सची नाही, पण तिच्यामुळे लेन्सला दोष दिला जातो. मंगल कार्यालयांत आता स्वस्त एलईडी दिवे आणि मागे चमकणारी भिंत असते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/२५० ठेवलं की फोटोत काळे-पिवळे पट्टे येऊ शकतात. अमळनेरच्या एका लग्नात माझे वरातीचे कितीतरी फोटो असे गेले. नवी लेन्स बिघडली असं वाटून मी रात्रभर अस्वस्थ होतो. आता अशा दिव्यांखाली १/१०० किंवा १/५० वरच काढतो. कॅमेऱ्यात फ्लिकर कमी करण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा.

७०–२०० घेताना एफ २.८ की एफ ४?

महिन्याला लग्नं असतील तर २.८. नसतील तर ४. २.८ ची जवळपास दीड किलोची असते आणि दुपारी दोनपर्यंत मनगट बोलायला लागतं. एफ ४ ची बरीच हलकी आणि बरीच स्वस्त. दोघींमध्ये फरक एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा. नव्या बॉडींचा वाढीव आयएसओ तेवढं सांभाळून घेतो.

हतनूरला आणि सातपुड्यात पक्षी काढायचेत. ७०–३०० पुरेल की १५०–६०० च घ्यावी?

इथे जरा जास्त लिहितो, कारण आपल्याकडे या प्रश्नात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. माझेही गेले.

आधी एक साधं गणित. आपल्या नंदुरबारच्या जंगलातला रानपिंगळा, म्हणजे छोटं घुबड, घ्या. इंग्रज पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. १८८४ नंतर तो ११३ वर्षं कुणाला खात्रीने दिसला नव्हता आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. जगभरातले पक्षीवेडे ज्याच्यासाठी येतात तो पक्षी आपल्या सागाच्या रानात दिवसाढवळ्या बसतो, हे मला अजूनही मोठं वाटतं. पण हा पक्षी आहे जेमतेम २३ सेंटीमीटरचा. तो वीस मीटरवर बसलाय आणि तुमच्याकडे ३०० मिमी आहे, तर सेन्सरवर त्याची उंची साडेतीन मिलिमीटरच्या आसपास भरते. क्रॉप सेन्सरची उंची सुमारे १५.६ मिमी, म्हणजे पक्षी चौकटीच्या पाव भागापेक्षाही कमी. ६०० वर तोच जवळजवळ निम्मी चौकट व्यापतो. म्हणून पक्ष्यांचं वेड खरंच लागलं असेल तर लोक ६०० कडे जातात, आणि त्यात चूक काही नाही.

आता दुसरी बाजू. सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०–६०० साधारण दोन किलोची. सोनीची २००–६०० आणि निकॉनची २००–५०० एफ ५.६ थोड्या जास्तच. मनुदेवीच्या बाजूला किंवा पालच्या जंगलात चार तास ती गळ्यात घालून चालणं आणि गाडीतून उतरून दहा पावलांवर वापरणं यात फार अंतर आहे. ज्यांना चालायचंय त्यांना १००–४०० जातीची हलकी लेन्स बरी. कॅननच्या आरएफ १००–४०० चं वजन ६३५ ग्रॅम आहे. ती शेवटाला एफ ८ होते, म्हणजे पहाटे झाडीत कमी पडेल, पण उघड्या पाणवठ्यावर उजेड भरपूर असतो.

माझी चूक अशी झाली. पहिली टेली मी स्थिरीकरण नसलेली घेतली, कारण ती स्वस्त होती आणि डब्यावर ३०० लिहिलं होतं. जानेवारीत पहाटे हतनूरच्या पाण्यावर पोचलो. चक्रवाकांची जोडी समोर, धुकं विरत होतं, मन भरून आलं होतं. ३०० वर एफ ५.६, उजेड कमी, शटर १/८० च्या वर जाईना. दोनशेच्या वर फोटो काढले, घरी येऊन मोठे करून बघितले तर धड एकही नाही. जुना नियम आहे: शटर किमान फोकल लेंथइतकं ठेवा, आणि क्रॉप बॉडीवर त्याच्याही दीडपट. म्हणजे ३०० ला १/४५० च्या पुढे. मला तो ठाऊक नव्हता आणि लेन्समध्ये तो सांभाळणारं काही नव्हतं. स्थिरीकरण असतं तर बसलेला पक्षी १/८० लाही मिळाला असता. उडणाऱ्याला मात्र स्थिरीकरणाचा उपयोग नाही, तिथे १/१६०० ते १/२००० लागतंच.

ट्रायपॉड घेऊन फिरण्यापेक्षा एक जाड कापडाची पिशवी शिवून घ्या आणि ज्वारी भरा. गाडीच्या खिडकीवर किंवा धरणाच्या कठड्यावर ठेवून तिच्यात लेन्स रुतवली की दोन किलोचं ओझं शांत बसतं.

आणि फेब्रुवारीनंतर एक गोष्ट कुठलीच लेन्स सोडवू शकत नाही. जमीन तापली की हवा थरथरते. सकाळी नऊ-साडेनऊनंतर पाण्यापलीकडचा पक्षी ६०० मधून बघितला तर तो लाटांखाली असल्यासारखा दिसतो. लेन्सचा फोकस गेला म्हणून ती दुरुस्तीला नेणारे लोक मला भेटलेत. लेन्स ठणठणीत असते. अशा वेळी लवकर या किंवा जवळ जा.

जवळ जा म्हणजे घरट्याजवळ नव्हे. रानपिंगळ्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावणारे लोक असतात, त्यांच्यासोबत उभे राहू नका. पक्षी आपली हद्द राखायला धावत येतो आणि त्याचा दिवस त्यात जातो. यावल किंवा अनेर अभयारण्यात जाताना वनखात्याची परवानगीही घ्या.

टेलिकन्व्हर्टर लावून ३०० चे ६०० करता येतात का?

आकड्यात येतात. कन्व्हर्टर लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसतो आणि फोकल लेंथ वाढवतो. १.४ चा कन्व्हर्टर एक स्टॉप उजेड खातो, २ चा दोन स्टॉप. ५.६ ची लेन्स २ च्या कन्व्हर्टरवर एफ ११ होते आणि बहुतेक डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे हात टेकतो. कन्व्हर्टर महागड्या, मोठ्या ॲपर्चरच्या टेलीसाठी असतात.

वाइड लेन्स घेऊ का? तोरणमाळ, चांगदेवाचं मंदिर, घरची कानबाई…

या तिन्ही जागांना वाइड वेगवेगळ्या कारणांनी लागते आणि तोरणमाळला दिवसा तर कदाचित लागतच नाही.

कानबाईपासून सुरुवात करू. श्रावणातल्या त्या रात्री घरातली एक खोली, समोर चौरंगावर सजवलेली कानबाई, आरतीला जमलेली सगळी भाऊबंदकी, आणि तुम्ही कोपऱ्यात. कॅननच्या क्रॉपवर १८ मिमीचा कोन सुमारे ७४ अंश, १० मिमीचा १०७. १०–१८ किंवा १०–२० ची साधी लेन्स इथे खोली उघडून देते. फक्त चौकटीच्या कडेला चेहरे ठेवू नका, ते ताणले जातात. बायकांना कडेला उभं करून काढलेला फोटो दाखवाल तर पुढच्या वर्षी कॅमेरा बाहेरच ठेवायला सांगतील.

तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाच्या दगडी मंदिरासमोर उभं राहून कॅमेरा वर केला की खांब आत कलतात. हा लेन्सचा दोष नसतो. कॅमेरा वर झुकवला की असंच होतं. मागे जा, कॅमेरा सरळ धरा, वरचा भाग चौकटीत यावा म्हणून वाइड वापरा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापा. पाटणादेवीलाही हेच.

तोरणमाळला यशवंत तलाव आणि सीताखाईची दरी बघून सगळे वाइड लावतात आणि फोटोत डोंगर टेकाडाएवढे होतात. दरीला १०० ते २०० मिमी लावून बघा. एकामागे एक डोंगररांगा, पावसाळ्यानंतरचा धुक्याचा थर, सगळं जवळ येऊन बसतं. वाइडचं खरं काम तिथे रात्री आहे. शहराचा उजेड लांब असल्याने आभाळ काळं मिळतं आणि एप्रिल-मेमध्ये उत्तररात्री आकाशगंगा चांगली वर येते. ११–१६ एफ २.८ सारखी लेन्स असेल तर सोनं. नसेल तर किट लेन्स १८ मिमी, एफ ३.५ आणि १८ सेकंद. पाचशेला १८ गुणिले दीडने भागलं की एवढंच येतं. त्याहून जास्त ठेवलं की तारे रेघा होतात.

कृषीचा विद्यार्थी आहे. केळीवरचा करपा, कपाशीची बोंडअळी यांचे फोटो हवेत. मॅक्रो लागेल का?

करप्याला नाही. पानावरचे डाग किट लेन्सनेही येतात, ढगाळ सकाळी काढा म्हणजे पान चमकणार नाही. बोंडअळी, फुलकिडे, अंडी यांच्यासाठी खरी मॅक्रो लागते, म्हणजे १:१ ची, जी १० मिमीची अळी सेन्सरवर १० मिमीचीच उमटवते. लेन्सवर नुसतं मॅक्रो लिहिलं म्हणून फसू नका, स्वस्त झूमवरही ते लिहिलेलं असतं आणि ती तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंतच जाते. ९० किंवा १०० मिमी एफ २.८ ची मॅक्रो घ्या, म्हणजे किड्यापासून थोडं लांब राहता येतं. याच लेन्सने चेहऱ्याचे फोटोही सुंदर येतात.

पैसे नसतील तर ५० मिमीला एक्सटेन्शन ट्यूब लावा. ती आतून पोकळ नळी असते, काच नसते, त्यामुळे स्वस्त मिळते. ऑटोफोकसच्या पिना असलेली घ्या. मॅक्रोत स्पष्ट भाग कागदाच्या जाडीइतका उरतो, म्हणून ॲपर्चर ८ ते ११ आणि सोबत छोटा फ्लॅश, त्यावर पांढरा कागद.

मॅक्रो आणि टेबलावर मांडून काढलेल्या फोटोंचा विषय निघाला की मला चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस आठवतात. आयुष्यातली कितीतरी दशकं ते स्टेशनजवळच्या आपल्या घराबाहेर जवळपास पडलेच नाहीत, आणि टेबलटॉप छायाचित्रणात त्यांचं नाव देशाबाहेर पोचलं. घरातल्या वस्तू मांडून ते अख्खं निसर्गदृश्य उभं करत. त्यांच्या घरातच आता संग्रहालय आहे. लेन्स घ्यायला पैसे साठवत असाल तर त्या पैशांतून आधी चाळीसगावचं तिकीट काढा. मी तिथून परत आल्यावर सहा महिने काही विकत घेतलं नाही, खिडकीजवळ एक टेबल मात्र मांडलं.

सारंगखेड्याच्या यात्रेला किंवा काठीच्या होळीला एकच लेन्स न्यायची तर?

सारंगखेड्याला ७०–३०० किंवा ५५–२५०. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, सकाळी धुळीतून तिरपं ऊन येतं आणि घोडा नाचवताना मालक गर्दीला मागे सारतो. जवळ जाणं घोड्यालाही आवडत नाही. शटर १/१००० ठेवा.

काठीला याच्या उलट. अक्कलकुवा तालुक्यातली ती राजवाडी होळी पहाटे पेटते. रात्रभर ढोल, कमरेला घुंगरू, डोक्यावर मोरपिसं. ३५ एफ १.८ न्या आणि माणसांत मिसळा. अनेकांचं ते व्रत असतं, नवस असतो. आधी विचारा, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. तोंडावर फ्लॅश कधीच नको.

दोन्हीकडे धूळ इतकी की उघड्यावर लेन्स बदलू नका. झूम करताना नळी बाहेर येणाऱ्या लेन्स हवेसोबत धूळही आत ओढतात. परत आल्यावर आधी ब्लोअरने फुंका, मग कापड. कोरड्या धुळीवर कापड फिरवलं की काच कायमची ओरखडते. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

१८–२०० किंवा १८–३०० घेऊन सगळं एकदाच मिटवलं तर?

घरच्यांसोबत प्रवासाला ठीक. पण ती लांब टोकाला ६.३ च्या आसपासच उघडते, म्हणून ज्या अंधाराने तुम्हाला किट लेन्समध्ये अडवलं तोच इथेही अडवेल.

मित्र त्याची जुनी लेन्स देतोय. माझ्या कॅमेऱ्याला बसेल का?

कंपनीचं नाव सारखं असून भागत नाही. कॅननच्या ईएफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बसवायची कडी) लेन्स सगळ्या कॅनन डीएसएलआरला बसतात, पण क्रॉपसाठीच्या ईएफ-एस फुल फ्रेम डीएसएलआरला बसत नाहीत. २०१८ मध्ये कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड हे नवे मिररलेस माउंट आणले. जुन्या लेन्स ॲडाप्टरने नव्या बॉडीवर चालतात, नव्या लेन्स जुन्या बॉडीवर मुळीच नाही.

निकॉनवाल्यांनी आणखी जपावं. डी३५०० सारख्या सुरुवातीच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे एएफ-डी लेन्स (स्वतःची मोटर नसलेली जुनी) बसते पण फोकस हातानेच करावा लागतो. जुनी लेन्स झेड बॉडीला जोडणाऱ्या एफटीझेड ॲडाप्टरवरही एएफ-डी चं तेच. आणि नव्या जातीच्या मोटरच्या एएफ-पी लेन्स काही जुन्या निकॉन बॉडींवर फोकसच करत नाहीत. ओळखीच्या एका मास्तरांनी असा सौदा दुकानातल्या माणसाच्या शब्दावर केला आणि पैसे परत मिळाले नाहीत. स्वतःची बॉडी घेऊन जा, लावून बघा, मगच पैसे द्या.

पुढे मिररलेसला जायचं पक्कं असेल तर आज डीएसएलआरची महाग लेन्स नवी घेऊ नका. वापरलेली घ्या.

वापरलेली लेन्स घेताना काय बघू?

मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारा आणि पुढून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. दोन-चार धुळीचे कण असले तरी फोटोत दिसत नाहीत, त्यावर भाव मात्र करता येतो. पुढच्या काचेवरचा छोटा ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा नाही. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चमकतंय का बघा. झूम उलटी धरली की आपोआप घसरते का, रिंग कुठे अडते का तेही बघा.

मग समोर वर्तमानपत्र भिंतीला चिकटवून पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून वाचा. एक कोपरा इतर तिघांपेक्षा खूपच धूसर असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे.

आणि मोठी टेली विकत घ्यायच्या आधी एक शनिवार-रविवार भाड्याने आणा. दोन किलोचा प्रश्न दोन दिवसांत सुटतो.

यूव्ही फिल्टर लावायचा का?

होळीला, यात्रेला, हळदीला लावा. रात्री दिव्यांसमोर काढा, नाहीतर प्रत्येक दिव्याचं भूत चौकटीत येतं. एरवी हूड (लेन्सपुढची सावलीची नळी) लावलेला बरा.

आपल्याकडचं ऊन आणि मग पावसाळा, लेन्स सांभाळायची कशी?

मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. कॅमेरा डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका. आतलं वंगण पातळ होऊन पात्यांवर येतं. एसी गाडीतून एकदम बाहेर आलात आणि हवा दमट असेल तर काचेवर बाष्प धरतं. बॅग बंदच ठेवून दहा-पंधरा मिनिटं तिला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्या.

उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की बुरशीची भीती नसते. ती भीती जुलै ते सप्टेंबरची. तोरणमाळहून किंवा पालहून भिजलेली बॅग आणून तशीच कपाटात ठेवली की महिनाभरात धागे दिसू शकतात. कातडी केस तर ओल धरूनच ठेवते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहू द्या. निळं जेल गुलाबी झालं की मंद आचेच्या तव्यावर गरम करा, परत निळं होतं, फक्त तो तवा नंतर भाकरीला वापरू नका. तांदूळ टाकू नका, त्याची भुकटी रिंगांमध्ये जाते. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून चार फोटो काढा. आणि बुरशी लागलेली लेन्स, दुरुस्त होऊन आलेली असली तरी, पहिले दोन महिने वेगळ्या डब्यात ठेवा.